अयाचिताचे वाङ्मय

धर्मकार्यासाठी पैसा उभा करणे ही गोष्ट वाङ्मयविचाराच्या कक्षेत येते काय, असे कोणी विचारले तर आपले बहुतेक समीक्षक 'नाही' असेच उत्तर देतील. पैसा हा जमाखर्चाच्या वहीचा विषय, श्रद्धा हा अभंगाचा विषय, आणि ह्या दोहोंची कोठे गाठ पडलीच तर ती संस्थेच्या वार्षिक अहवालात, अशी एक सोयीस्कर वाटणी आपण करून ठेवली आहे. मराठी ख्रिस्ती आत्मवृत्ते वाचू लागले म्हणजे मात्र ही वाटणी टिकत नाही. पंडिता रमाबाईंची १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली आणि मराठीत 'माझी साक्ष' ह्या नावाने ओळखली जाणारी छोटी पुस्तिका, आणि लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे', ही दोन पुस्तके त्या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. दोहोंमध्येही देवावरचा भरवसा आणि उद्याच्या धान्याची चिंता एकाच पानावर भेटतात. आमच्या मते ह्या भेटीचा अर्थ लावल्याखेरीज दोहोंपैकी एकाही पुस्तकाचे मर्म हाती लागत नाही.

रमाबाईंना आपण सुधारणेच्या इतिहासात बसविले आणि लक्ष्मीबाईंना प्रांजळ विनोदाच्या दालनात. दोन्ही ठिकाणी त्यांचा सन्मानच झाला. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र बाजूला राहिला. तो प्रश्न असा : ज्या कामातून एका पैचीही प्राप्ती होणार नाही ते काम चालवावयाचे, त्यासाठी माणसापुढे हात पसरावयाचा नाही, आणि तरीही शेकडो मुखांना रोज अन्न द्यावयाचे, हे कसे? बेंगळूरसारख्या नगरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या, महिन्याच्या ठरलेल्या दिवशी वेतन हाती घेणाऱ्या आणि दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात हयात घालविणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. ज्याच्या हातून पगार, त्याच्या हाती लगाम, हा अनुभव आपणांस नवा नाही.

प्रथम पद्धतीविषयी थोडे सांगणे इष्ट होईल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी जॉर्ज म्यूलर ह्या जर्मन गृहस्थांनी अनाथगृहे चालविली. १८९८ साली त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंत दहा हजारांवर मुले त्यांच्या छायेखाली वाढून गेली होती. त्यांचा नियम साधा होता : गरज देवाला सांगावयाची, माणसाला नाही, आणि कर्ज काढावयाचे नाही. हडसन टेलर ह्यांनी १८६५ साली स्थापिलेल्या चायना इनलंड मिशननेही वर्गणी मागावयाची नाही, ऋण करावयाचे नाही, आणि प्रचारकांना ठरीव वेतनाची हमी द्यावयाची नाही, असेच धोरण ठेवले. ह्या दोन कार्यांची वृत्ते इंग्रजी वाचणाऱ्या ख्रिस्ती जगात घरोघर वाचली जात. शतकाच्या शेवटच्या दशकात ती रमाबाईंच्या हाती पडली, आणि इतर देशांत ज्या रीतीने देवावर विसंबता येते त्या रीतीने हिंदुस्थानात का येऊ नये, असा विचार आपल्या मनात आला, असे त्या साक्षीत सांगतात.

एवढ्यावरून रमाबाईंची वृत्ती ही विलायतेहून आणलेली वस्तू होती असे म्हणणे सोपे आहे, आणि तसे म्हटलेही जाते. आम्हांस ते पटत नाही. न मागता येईल त्यावर राहणे ह्यासाठी आपल्या भाषेत 'अयाचित' हा शब्द फार पूर्वीपासून आहे, आणि त्या वृत्तीला आपल्या समाजात मोठा मान आहे. ह्याच्या उलट बाजूचीही परंपरा आपल्याकडे आहे. समर्थांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक स्वतंत्र समास लिहिला, आणि भिक्षेच्या निमित्ताने लहानथोर माणसे पारखून घेण्याचा व्यवहारही शिकविला. मागणे हा लोकसंग्रहाचा मार्ग आणि न मागणे हा वैराग्याचा मार्ग, अशा दोन वाटा महाराष्ट्राला ठाऊक होत्या. रमाबाई जन्मल्या त्या दुसऱ्या वाटेवर.

ही वाट आपण राहतो त्या प्रदेशातूनच गेलेली आहे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला, आणि पुढे हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत दक्षिणेत फिरत राहिले. उपजीविकेचे साधन पुराणकथन. ह्या व्यवसायाची रीत रमाबाईंनी स्वतःच वर्णिली आहे. पुराणिकाने मागावयाचे नसते. तो देवळात किंवा नदीकाठी बसून पोथी वाचतो आणि ऐकणारे पोथीपुढे फुले, फळे, पैसे ठेवून जातात. मागणे नाही, ठराव नाही, वेतन नाही. जे आले ते देवाने दिले. म्यूलर रमाबाईंना भेटले ते त्या चाळिशीकडे झुकल्यावर. परंतु हा धडा त्यांनी पोथीच्या शेजारी बसून बाळपणीच घोकला होता.

आणि त्या धड्याचा शेवट काय झाला, हेही त्यांनी पाहिले होते. सत्तरीच्या दशकातील दुष्काळात पोथीपुढे ठेवणारे हातच रिकामे झाले. पदरचे होते ते दानधर्मात आणि देवकार्यात आधीच संपले होते. मोलमजुरी करावयाची तर विद्येचा आणि जातीचा अभिमान आड येई, आणि भीक मागावयाची तर जीभ रेटत नसे. तिरुपतीच्या परिसरातील रानात झाडपाल्यावर काढलेले दिवस, जलसमाधी घेण्याचा वृद्ध पित्याचा निश्चय, १८७४ मधील त्यांचा अंत, मागोमाग आईचा आणि थोरल्या बहिणीचा मृत्यू, ही हकिगत रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळप्रसंगी लिहिली ती अश्रू ढाळण्यासाठी नव्हे. दुसऱ्यांच्या मुली आज त्याच ठिकाणी उभ्या आहेत हे सांगण्यासाठी ती लिहिली. देव देईल म्हणून थांबलेल्या घरातली माणसे एकामागून एक उपाशी मेलेली जिने पाहिली, ती स्त्री वीस-बावीस वर्षांनी 'देव देईल' असेच म्हणून तीनशे मुली घरी आणावयास निघते, ही मराठी आत्मवृत्तातील एक विलक्षण घटना आहे. तिचे उत्तर केवळ धर्मांतराने मिळत नाही. वेगळ्या देवावर विसंबल्या म्हणून निभावले, असे साक्षीतील रमाबाई म्हणतील. समीक्षकाने मात्र मधली वीस वर्षे नीट पाहिली पाहिजेत.

ती वीस वर्षे पैशाच्या दृष्टीने पाहिली म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. रमाबाईंनी जे जे उभे केले ते लेखणीच्या बळावर. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' लिहिली आणि तिच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाची तजवीज झाली. १८८७ साली अमेरिकेत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याचे शेवटचे प्रकरण म्हणजे अमेरिकन स्त्रीपुरुषांना केलेले सरळ आवाहन होय. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे अंगावर घेतले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास नेलेले शारदासदन हे ह्या आवाहनाचे फळ. म्हणजे मागण्याची विद्या रमाबाईंना अवगत नव्हती असे नव्हे. ती त्यांना उत्तम साधली होती, आणि तशी साधली असतानाच त्यांनी ती टाकली.

का टाकली, ह्याचे उत्तर आमच्या मते १८९३ च्या प्रकरणात आहे. शारदासदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींच्या आचारात हात घातला जाणार नाही, ह्या बोलीवर देणगीदारांनी पैसा दिला होता आणि पुण्याच्या सुधारकांनी आपले वजन. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ख्रिस्ती धर्माकडे त्यांचा ओढा दिसू लागला, तेव्हा पुण्यात गहजब झाला. रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, त्यांनी कोणास बोलाविले नाही, आणि आपल्या खोलीचे दार बंदही ठेवले नाही. सुधारकांचे म्हणणे असे की, निःपक्षपाताच्या बोलीत उघडे दार बसत नाही. ह्या वादात सुधारकांचा पक्ष पोकळ नव्हता, हे आम्ही स्पष्टपणे म्हणू. ज्यांनी आपली विधवा मुलगी एका वचनावर विश्वासून पाठविली त्यांना त्या वचनाचा जाब विचारण्याचा हक्क होता. परंतु त्याच वादाने रमाबाईंना दुसरा एक धडा दिला. अटीवर घेतलेला पैसा मनाच्या खोलीपर्यंत शिरतो, हा तो धडा होय.

आणि हा धडा त्यांना इंग्लंडातही एकदा मिळाला होता. वाँटेजच्या भगिनीमंडळाच्या आश्रयाने त्या राहात असता, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी तेथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर, काय शिकवावे, कोणास शिकवावे, कोणते मत मानावे, ह्या प्रत्येक बाबतीत आश्रयदात्यांनी आपला अधिकार सांगितला. १८८५ साली चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा बिशपांनीसुद्धा हरकत घेतली. ह्या काळचा पत्रव्यवहार अ. भि. शहा ह्यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. ती पत्रे वाचणाऱ्यास दिसेल की, उपकार मान्य करून बुद्धी गहाण न टाकण्याचे जे अवघड काम, ते ह्या पंचविशीतल्या विधवेने किती नेटाने केले. इंग्लंडात आश्रय देणारे धर्माचे होते, अमेरिकेत सुधारणेचे. दोघांचाही हेतू चांगला होता. आणि दोघांच्याही पैशाला दोरी बांधलेली होती.

म्हणूनच १८९६-९७ नंतर 'आता फक्त देवावर विसंबणे' असा जो सूर रमाबाईंच्या लेखनात येतो, त्यात भक्तीइतकाच स्वातंत्र्याचा अर्थ आम्हांस ऐकू येतो. देव हा असा एकच दाता आहे की ज्याच्या वतीने कोणी समिती सभा भरवून ठराव करीत नाही. मध्य प्रांतातील दुष्काळातून मुली आणताना त्यांच्या हाती होता तो अमेरिकेचा पैसा जेमतेम पन्नासांना पुरेल एवढा. आणि त्यांनी मनाशी धरलेला आकडा तीनशेचा. समितीपुढे हा हिशेब ठेवला असता तर कोणत्याही समंजस समितीने तो नामंजूर केला असता, आणि रीतीप्रमाणे ते बरोबरच ठरले असते! पण त्या मुली समितीचा निर्णय येईपर्यंत जगल्या नसत्या. देवाच्या नावावर घेतलेला निर्णय हा येथे एका स्त्रीने, कोणाची परवानगी न मागता घेतलेला निर्णय होता. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली.

आता वाङ्मयाचा प्रश्न. १८८७ चे आवाहन आणि १९०७ ची साक्ष ही दोन्ही एकाच लेखणीतून उतरली, पण त्यांची घडण अगदी वेगळी आहे. आवाहनात लेखिका वाचकाकडे तोंड करून उभी आहे : स्थिती अशी, गरज इतकी, तुम्ही द्या. साक्षीत ती वाचकाकडे पाठ करून देवाशी बोलते, आणि वाचक ते बोलणे दारातून ऐकतो. मागितले कोणाजवळच नाही. तरी ऐकणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. म्यूलर दरवर्षी आपले वृत्त छापीत. केडगावहूनही 'मुक्ती प्रेअर बेल' हे पत्रक निघे आणि परदेशी वाचकांच्या हाती जाई. गरज माणसाला सांगावयाची नाही हा नियम, आणि गरज कशी भागली हे छापून सांगण्याचा प्रघात, ह्या दोहोंमधली रेघ फार बारीक आहे. काल पीठ संपले होते आणि आज गाडी आली, असे सांगणारा उद्याच्या गाडीची वाट मोकळी करीत असतोच.

हा दंभ आहे काय? आम्ही तसे म्हणणार नाही; पण ह्या लेखनप्रकारातील हा कच्चा दुवा आहे हे मात्र निश्चित. मागणाऱ्याला 'नाही' म्हणता येते. प्रार्थना कानी पडल्यावर 'नाही' म्हणणे जड जाते, कारण मग आपण माणसाला नव्हे तर देवाला नकार देत आहोत असे वाटू लागते. ह्या अर्थी सरळ आवाहन अधिक खुले आणि साक्ष अधिक प्रभावी. दुसरी उणीव अशी की, साक्षीत कर्ता एकच उरतो. पाणी देवाने दिले, धान्य देवाने दिले, मुली देवाने आणल्या. देणाऱ्यांच्या नावांना आणि राबणाऱ्यांच्या हातांना अशा वाक्यांत जागा राहात नाही. अमेरिकेतील असोसिएशन १८९८ साली नव्याने बांधली गेली आणि शारदासदनासाठी तिचा हात पुढेही राहिला, ही वस्तुस्थिती साक्षीच्या स्वरात बुडून जाते. भक्ताच्या दृष्टीने हे योग्य असेल. इतिहासाच्या आणि कृतज्ञतेच्या दृष्टीने ते अपुरे आहे.

तथापि ह्याच पुस्तिकेत ह्या उणिवेचे उत्तरही दडलेले आहे. अवर्षणाच्या वर्षी इतक्या माणसांना आणि गुरांना विहिरींचे पाणी पुरले, त्याबद्दल रमाबाई देवाचे आभार मानतात. वाचताना आपले लक्ष आभारांकडे जाते. पण विहिरी होत्या, हे विसरू नये. केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदविल्या, मळा केला, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना चालविला. मूळ भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते मुक्तिसदनातील स्त्रियांनीच जुळविले आणि छापले. अनंतशास्त्र्यांच्या श्रद्धेत हाताने काम करणे बसत नव्हते. मुलीने पित्याची श्रद्धा घेतली आणि तिच्या शेजारी विहीर खोदली. अयाचित वृत्ती आणि श्रम ह्यांची जी फारकत एका कुटुंबाला भोवली होती, ती केडगावात मिटली. आमच्या मते रमाबाईंच्या भरवशाचे खरे वेगळेपण हेच, आणि ते म्यूलरकडून आलेले नाही; तिरुपतीच्या रानातून आलेले आहे.

ह्याच संदर्भात आपल्या बेंगळुराचे नावही घेतले पाहिजे. एमी कारमायकेल ही आयरिश बाई १८९५ साली इंग्लंडातील चर्चच्या झनाना मिशनरी सोसायटीच्या वतीने हिंदुस्थानात आली ती ह्याच गावी. पुढे तिरुनेलवेली जिल्ह्यातील दोहनावूर येथे तिने देवळांना वाहिल्या जाणाऱ्या मुलींसाठी आश्रयस्थान उभारले, आणि १९५१ साली तेथेच तिचा अंत झाला. पैसा मागावयाचा नाही हा तिचाही दंडक होता. आणि पुस्तके लिहावयाची हा तिचाही क्रम होता. केडगाव आणि दोहनावूर ह्यांत एक फरक मात्र आम्ही दाखवू. परदेशातून आलेल्या बाईच्या भरवशाला पाठीमागे एक ओळखीचा समाज होता. तिचे मौन समजणारी माणसे तिच्या भाषेत विचार करीत. रमाबाईंना आपले मौन दुसऱ्याच्या भाषेत बोलून दाखवावे लागले. मराठी स्त्रीची साक्ष प्रथम इंग्रजीत छापली जाते, ह्यातच तिच्या अन्नदात्यांचा पत्ता लिहिलेला आहे.

आणि येथेच रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. कारण त्यांना हा पत्ताच बदलावयाचा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा वीसेक वर्षे केली; 'ज्ञानोदया'त लिहिले, उपासनासंगीताला मराठी वळण दिले. परंतु मिशनचे वेतन घेणारा उपदेशक हा ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने साहेबाचा नोकरच राहतो, हे शल्य त्यांच्या मनात होते. १९१७ साली त्यांनी ते वेतन सोडले, संन्यास घेतला, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' भरविला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि तो प्रयोग फुलण्यापूर्वीच थांबला. पण त्याची दिशा स्पष्ट होती. रमाबाईंनी अटींपासून सुटण्यासाठी देवाचा आधार घेतला. टिळकांनी पगारापासून सुटण्यासाठी. १९०५ साली सेरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीनेही हिंदी माणसे, हिंदी पैसा, हिंदी नेतृत्व हीच आकांक्षा उच्चारली होती. देवावर विसंबणे हे त्या काळी ख्रिस्ती स्वदेशीचेही नाव होते.

पुरुषाने पगार सोडला म्हणजे चरित्रकार त्याला त्याग म्हणतात. त्या दिवशी स्वयंपाकघरात काय झाले हे सांगण्यासाठी लक्ष्मीबाई लागतात. 'स्मृतिचित्रे'तील टिळक ठायी ठायी देवावर हवाला ठेवतात. हातातला पैसा घरी पोहोचण्याआधीच कोणा गरजवंताच्या हाती जातो. घरात पोरकी मुले येतात, पाहुणे येतात, आणि तांदूळ मात्र डब्यात जेवढे होते तेवढेच असतात. लक्ष्मीबाई हे सगळे हसत सांगतात. त्या हसण्यावर मराठी वाचक भाळला, आणि भाळावे असेच ते आहे. परंतु त्या हसण्याखालचा हिशेब आपण क्वचितच मांडला. टिळकांचा भरवसा देवावर होता. घराचा भरवसा लक्ष्मीबाईंवर होता. एकाने उद्याची चिंता सोडावी म्हणून दुसऱ्याने ती उचलावी लागते, हे सत्य श्रद्धेच्या कोणत्याही वृत्तात सापडत नाही. ते ह्या पुस्तकात पानोपानी सापडते, आणि एकदाही तक्रारीच्या सुरात नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, लक्ष्मीबाईंच्या विनोदाने टिळकांची बाजू फारच सौम्य केली आहे. हा आक्षेप आम्ही पूर्णपणे नाकारणार नाही. हसून सांगितलेले दुःख वाचकाला लवकर पचते आणि लवकर विसरतेही. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, 'स्मृतिचित्रे' हे केवळ सोसणाऱ्या पत्नीचे पुस्तक नाही. ज्या विश्वासाची झळ त्यांना लागली तो विश्वास पुढे त्यांनी स्वतःच्या पायांवर उभा केला. टिळकांनी अपुरे सोडलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले आणि त्यातील बहुतांश भाग स्वतः रचला. पतीच्या पश्चात काही वर्षे त्यांनी कराचीसारख्या दूरच्या शहरी काढली. परमुलखातील मराठी बिऱ्हाडाची त्यांची वर्णने बदलीच्या गावी संसार मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना आरशासारखी वाटतील. साक्षीत जो कर्ता एकच होता, त्याच्याभोवती लक्ष्मीबाईंनी माणसे उभी केली : उसने देणारी, रागावणारी, वेळेला धावून येणारी. देव त्यांच्याही पुस्तकात देतो. पण तो शेजारणीच्या हाताने देतो, आणि शेजारणीचे नाव लक्ष्मीबाईंना आठवते.

ह्या दोन पुस्तकांवरून अयाचिताच्या वाङ्मयाला कोणती कसोटी लावावी? पैसा आला की नाही ही कसोटी नव्हे. पैसा आला म्हणून श्रद्धा खरी, असे म्हटले तर अनंतशास्त्र्यांची श्रद्धा खोटी म्हणावी लागेल, आणि ते अन्यायाचे होईल. आमच्या मते कसोट्या तीन आहेत. देणाऱ्याला काम विकत घेता आले काय? हिशेब उघडा होता काय? आणि एकाच्या भरवशाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर असेल तर त्या दुसऱ्याचे नाव घेतले गेले काय? पहिल्या कसोटीला रमाबाई पूर्णपणे उतरतात. त्यांचे काम शेवटपर्यंत कोणा एकाचे झाले नाही. टिळकही उतरतात. तिसरीला लक्ष्मीबाईंसारखे कोणीच उतरत नाही. दुसरी कसोटी ह्या तिघांपेक्षा त्यांच्या वारसांसाठी अधिक आहे.

कारण हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे, आणि ख्रिस्ती वा अन्य धर्मीय अशा असंख्य संस्था आजही दात्यांच्या बळावर उभ्या आहेत. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९७६ साली झाला, २०१० साली नव्याने आला, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतील खात्यातूनच स्वीकारावा लागतो. कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे अप्रस्तुत होय. एवढेच म्हणावयाचे की, 'देवाने दिले' ह्या वाक्याशेजारी आता 'कोणाकडून, कोणत्या दिवशी, किती' हा रकाना भरावा लागतो. श्रद्धावंतांपैकी काहींना ह्यात अश्रद्धा दिसते. आम्हांस तशी ती दिसत नाही. रकाना भरणे हा लक्ष्मीबाईंचाच धर्म आहे. शेजारणीचे नाव घेणे आहे. मात्र रकाना तपासणाऱ्या हातानेही ध्यानात ठेवावे की, तीनशे मुलींचा हिशेब जर १८९७ साली आधी मंजूर करून घ्यावा लागला असता, तर मंजुरी देण्यासाठी मुली उरल्या नसत्या. तपासणीचे कामच ज्यांच्या वाट्याला आले आहे अशा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ह्या दोन वाक्यांमधली अडचण आमच्यापेक्षा अधिक जवळून ठाऊक असेल.

एक सूचना करून हे विवेचन पुरे करू. परप्रांतातील मराठी मंडळांच्या ग्रंथसंग्रहांत 'स्मृतिचित्रे' बहुधा असते. 'माझी साक्ष' क्वचित आढळते. लक्ष्मीबाईंचे चिरंजीव देवदत्त टिळक ह्यांनी १९६० साली रमाबाईंचे 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई' हे मोठे चरित्र लिहून ही दोन घरे जोडली होतीच. मीरा कोसंबी ह्यांनी रमाबाईंचे लेखन इंग्रजीत आणून नव्या वाचकांची सोय केली आहे. ही पुस्तके एका फळीवर यावीत. लक्ष्मीबाई वाचून ज्यांना हसू आले त्यांनी मग रमाबाई वाचाव्या, आणि रमाबाई वाचून ज्यांनी हात जोडले त्यांनी पुन्हा लक्ष्मीबाईंकडे वळावे. देवावर विसंबून किती मोठे काम करता येते हे एक पुस्तक सांगते. ते काम चालू असताना चुलीपुढे कोण बसले होते हे दुसरे. ह्यांपैकी एकच वाचणाऱ्याच्या हाती वहीची एकच बाजू येते, आणि एका बाजूवरून ताळा पाहता येत नाही.